लाकडी तुळयांतून वीजवाहिनी नेताना : मालवण किनाऱ्यावरील जुन्या घरांच्या संदर्भात

प्रस्तावना

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. मालवण, तारकर्ली, देवबाग या परिसरातील अनेक घरांत पुढे पर्यटकांच्या निवासाची सोय झाली. पंखा व दिवा यांपुरत्या वीजजोडणीवर वातानुकूलन यंत्र, गिझर यांचा भार आला. जांभ्या चिऱ्याच्या जुन्या घरांत नव्या वाहिन्यांसाठी तुळयांना छिद्रे पाडावी लागतात. ती कोठे व केवढी असावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

छिद्र आणि खाच

दोन्ही टोकांवर टेकलेली तुळई भाराखाली वाकते, तेव्हा वरच्या भागावर दाब व खालच्या भागावर ताण येतो. मध्यरेषेवर हे दोन्ही जवळजवळ शून्य असतात. २०० मि.मी. उंचीच्या आयताकृती तुळईच्या मध्यरेषेवर ५० मि.मी. व्यासाचे आडवे छिद्र आरपार पाडल्यास तेथील वाकण्यास होणारा प्रतिकार २ टक्क्यांहूनही कमी घटतो. तेवढ्याच खोलीची खाच खालच्या कडेस घेतल्यास मात्र तो सुमारे ४४ टक्क्यांनी घटतो. कारण हा प्रतिकार उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो.

आधाराजवळ कर्तनबल अधिक असल्याने तेथे मध्यरेषाही सुरक्षित नसते. म्हणून ब्रिटनमधील प्रचलित नियमानुसार छिद्राचा व्यास उंचीच्या पाव भागाहून अधिक नसावा आणि ते आधारापासून गाळ्याच्या ०.२५ ते ०.४० अंतरावर असावे. ४ मीटर गाळ्यात हे अंतर १ ते १.६ मीटर होते. हा नियम निर्दोष, एकसारख्या कापीव लाकडासाठी आहे. वाळवी लागलेल्या, गाठी वा भेगा असलेल्या तुळईस तो लावू नये. माडाच्या खोडाचा कठीण भाग परिघाकडे असतो. त्यास कडेची खाच विशेष घातक ठरते.

कामाची पद्धत

प्रथम मेन स्विच बंद करून टेस्टरने खात्री करावी. लपलेले खिळे व जुन्या वाहिन्या शोधाव्यात. वायर पीव्हीसी नळीतून न्यावी. छिद्रात जोड ठेवू नये. खाऱ्या, दमट हवेत गळतीचा धोका वाढतो. म्हणून योग्य अर्थिंगबरोबरच ३० मिलिॲम्पिअरचे गळतीरोधक स्विच बसवावे. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

निष्कर्ष

भिंतीवरून उघडी नळी नेणे शक्य असेल, तर तुळईस हात न लावणेच श्रेयस्कर. वायर एका दिवसात बदलता येते. तुळई बदलण्यासाठी छप्पर उतरवावे लागते.