ऋतू, मनःस्थिती आणि सुगंध

ऋतू बदलला की सुगंधही बदलावा, ही जाणीव मराठी घराला नवी नाही. वैशाखात पिण्याच्या पाण्याच्या माठात वाळ्याची जुडी पडते, श्रावणात केवड्याचे पान वेणीत किंवा देव्हाऱ्यात येते, आश्विनात अंगणात पारिजातकाचा सडा पडतो आणि दिवाळीच्या पहाटे नागरमोथा, कचोरा व आंबेहळद घातलेल्या उटण्याचा वास घरभर दरवळतो. हा क्रम कोणी ठरवून दिला नव्हता. हवा, फुले आणि शरीराची गरज यांतून तो आपोआप तयार झाला. आज फुलांची जागा बऱ्याच अंशी काचेच्या कुपीने घेतली आहे. कुपीतील सुगंधाला मात्र ऋतू नसतो. तो बारा महिने सारखाच मिळतो. म्हणून पूर्वी निसर्ग करीत असे ती निवड आता आपली आपणच करावी लागते.

ही निवड कशी करावी, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे. उदाहरणासाठी आपण बंगळूरच्या दक्षिणेकडील इलेक्ट्रॉनिक सिटी हा परिसर घेऊ. कर्नाटक शासनाच्या 'केऑनिक्स' या संस्थेने १९७८ मध्ये कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या परिसरातील ३३२ एकर जमिनीवर ही वसाहत उभारली. महाराष्ट्रातून आणि सीमाभागातून नोकरीसाठी आलेल्या अनेक तरुणी आज तेथे काम करतात. सुगंधाशीही या स्थळाचा सरळ संबंध आहे. घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेल्या टायटन कंपनीचे मुख्य कार्यालय येथेच आहे, आणि याच कंपनीने २०१३ मध्ये 'स्किन' या नावाने सुगंधद्रव्ये बाजारात आणली. 'सेलेस्ट', 'नूड' अशा नावांची ही द्रव्ये तिने फ्रान्समधील अनुभवी गंधरचनाकारांकडून तयार करवून घेतली होती.

नाव कोणाचे, रचना कोणाची?

'डिझायनर परफ्यूम' म्हणजे वस्त्रप्रावरणांच्या एखाद्या नामांकित पेढीच्या नावाने विकले जाणारे सुगंधद्रव्य. पॅरिसचे वेशरचनाकार पॉल प्वारे यांनी १९११ मध्ये हा मार्ग प्रथम चोखाळला. १९२१ मध्ये गाब्रिएल शनेल यांनी 'शनेल नंबर ५' आणले आणि तो राजमार्ग झाला. परंतु या द्रव्याची रचना शनेलबाईंनी केलेली नव्हती. ती एर्नेस्ट बो या रसायनकुशल गंधरचनाकाराची होती. आजही बहुतेक पेढ्यांच्या बाबतीत हेच खरे आहे. कुपीवरील नाव एकाचे असते आणि आतील द्रव दुसऱ्याच्या बुद्धीतून उतरलेला असतो. म्हणून केवळ नाव मोठे आहे एवढ्यावरून सुगंध आपल्याला मानवेल असे समजण्याचे कारण नाही.

गंधरचना ही मुळात निवड आणि प्रमाण यांची विद्या आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने आपल्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला. सोळा द्रव्यांतून चार निवडून त्यांची प्रमाणे बदलीत गेल्यास १,७४,७२० सुगंध तयार होतात, असे गणित त्याने त्यात मांडले आहे. अठराशे वीस प्रकारांनी चार द्रव्ये निवडता येतात आणि प्रत्येक निवडीत प्रमाणांचे शहाण्णव भेद होतात. त्यांचा गुणाकार तेवढाच येतो. आधुनिक प्रयोगशाळेत सोळांऐवजी शेकडो, हजारो द्रव्ये हाताशी असतात, एवढाच फरक.

उष्णता, ओलावा आणि गंध

वास येण्यासाठी पदार्थाचे सूक्ष्म कण हवेत मिसळून नाकापर्यंत पोचावे लागतात. सर्वच द्रव्ये सारख्या वेगाने उडत नाहीत. लिंबू, संत्रे यांच्या सालींतील तेले काही मिनिटांत उडून जातात. त्यांनी येतो तो आरंभीचा गंध. गुलाब, मोगरा, मसाले यांचा मध्यगंध काही तास टिकतो. चंदन, पाचोळी, राळ, व्हॅनिला यांचा आधारगंध सर्वांत जड, आणि म्हणून तो सर्वांत शेवटपर्यंत रेंगाळतो. दुकानात कुपीचे झाकण उघडताच जो वास येतो तो बहुधा केवळ आरंभीचा असतो. त्यावरून खरेदी करणे म्हणजे मुखपृष्ठ पाहून ग्रंथ विकत घेण्यासारखे आहे.

तापमान वाढले की हे उडणे वेगाने होते. उन्हाळ्यात हलका गंध लवकर संपतो आणि जड गंध एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो. थंडीत उलट घडते. हलका गंध जाणवतच नाही आणि जड गंध मंद, सुखद वाटतो. त्वचा कोरडी असल्यास सुगंध कमी टिकतो, हेही लक्षात घ्यावे. ऋतूनुसार सुगंध बदलण्यामागील शास्त्र ते एवढेच.

द्रवाची तीव्रताही महत्त्वाची असते. मद्यार्कात सुगंधी तेलांचे प्रमाण सुमारे २ ते ५ टक्के असल्यास त्यास 'ओ द कोलोन', ५ ते १५ टक्के असल्यास 'ओ द त्वालेत', १५ ते २० टक्के असल्यास 'ओ द पार्फं' आणि त्याहून अधिक असल्यास 'पार्फं' म्हणतात. या मर्यादा काटेकोर नाहीत. पेढीपेढीनुसार त्या थोड्याफार बदलतात. आपले पारंपरिक अत्तर याहून वेगळे. त्यात मद्यार्क नसतो. फुलांचा वाफारा चंदनतेलात जिरवून ते तयार करीत. चंदन महाग झाल्यापासून इतर आधारद्रव्येही वापरली जातात. अत्तराचा कापसाचा फाया कानात ठेवण्याची पद्धत त्याच्या या मंद, चिवट स्वभावाला अगदी अनुरूप होती.

बंगळूरचे ऋतुचक्र

समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने बंगळूरला नागपूरचा उन्हाळा नाही आणि मुंबईचा घामही नाही. एप्रिलमध्ये पारा सुमारे ३४ अंशांपर्यंत चढतो, तर जानेवारीच्या पहाटे तो १५-१६ अंशांवर येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा कोरडी असते; सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस भरपूर असतो.

मार्च ते मेपर्यंत लिंबूवर्गीय, हिरव्या पानांचा किंवा वाळ्याचा गंध उत्तम. योहान मारिया फारीना यांनी जर्मनीतील कलोन शहरात ज्या कोलोनजलाला नाव मिळवून दिले, ते याच जातीचे. डोल्चे अँड गबाना या पेढीचे २००१ मधील 'लाइट ब्लू' लिंबू, सफरचंद आणि देवदार यांवर आधारलेले असल्याने उन्हाळ्यास शोभते. असे द्रव्य दुपारी पुन्हा लावावे लागले तर तो त्याचा दोष मानू नये. लवकर उडून जाणे हाच त्याचा गुण आहे.

पावसाळ्यात दमट हवेमुळे अतिगोड सुगंध कोंदट वाटतो. या दिवसांत पाण्याची, ओल्या पानांची आठवण देणारा गंध घ्यावा. १९९२ मधील इसे मियाके यांचे 'लो दिसे' या प्रकाराचे आहे. एर्मेस पेढीसाठी जाँ-क्लोद एलेना यांनी २००८ मध्ये रचलेल्या सुगंधाच्या फ्रेंच नावाचा अर्थच 'पावसाळ्यानंतरची बाग' असा असून, त्याची प्रेरणा त्यांना केरळातून मिळाली. आणि कनौजच्या कारागिरांनी भाजलेल्या मातीपासून काढलेले 'मिट्टी अत्तर' तर पहिल्या पावसाचाच वास कुपीत भरून ठेवते.

नोव्हेंबर ते जानेवारी हा चंदन, लवंग, राळ आणि व्हॅनिला यांचा काळ. इव्ह सँ लोराँ यांचे 'ओपियम' (१९७७) किंवा शनेलचे 'कोको' (१९८४) ही मसालेदार द्रव्ये थंड सायंकाळी खुलतात. एप्रिलच्या दुपारी तीच असह्य होतात. थंडी ओसरताना, वसंताच्या आरंभी, शुद्ध पुष्पगंध योग्य ठरतो. दिओर पेढीचे 'दिओरिसिमो' (१९५६) हे त्याचे ठळक उदाहरण. ज्या रानफुलाचा अर्क काढता येत नाही, त्याचा वास एद्मों रूदनित्स्का यांनी इतर द्रव्ये जुळवून त्यात निर्माण केला. परंतु बंगळूरच्या फूलबाजारात 'म्हैसूर मल्लिगे'चा गजरा ताजा मिळत असताना कुपीची गरज प्रत्येक दिवशी असतेच असे नाही. गजऱ्यात हौसेने गुंफली जाणारी अबोली मात्र गंधहीन असते. ती केवळ रंगासाठी.

मनःस्थितीचा प्रश्न

अमुक सुगंधाने आत्मविश्वास वाढतो, तमुक सुगंधाने मन शांत होते, अशी विधाने जाहिरातींत नेहमी आढळतात. त्यांत तथ्य किती? माणसाच्या नाकात गंध ओळखणारी सुमारे चारशे प्रकारची ग्राहके असतात. रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांनी १९९१ मध्ये या ग्राहकांच्या जनुकांचा शोध लावला व २००४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नाकाकडून येणारा संदेश मेंदूतील भावना व स्मृती यांच्या केंद्रांपर्यंत फार थोड्या टप्प्यांत पोचतो. म्हणूनच एखाद्या वासाने वीस वर्षांपूर्वीचा प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो.

परंतु त्या वासाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो. निशिगंधाच्या वासाने एकीला बहिणीचे लग्न आठवेल, दुसरीला घरातील मृत्यू. गुलाबपाणी कोणाला मंगलकार्याची आठवण देते, कोणाला डोळ्यांच्या दुखण्याची. एकच सुगंध सर्वांना सारखाच आनंद देईल, असा कायदा निसर्गात नाही. तेव्हा मनःस्थितीसाठी सुगंध निवडताना जाहिरातीपेक्षा स्वतःच्या आठवणींचा सल्ला घ्यावा. घरापासून दूर, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला आईच्या कपाटातील वाळा-कापराचा वास जो धीर देईल, तो महागडी कुपी देईलच असे नाही.

इतरांचा विचार

आपण लावलेला सुगंध थोड्या वेळाने आपल्यालाच जाणवेनासा होतो. नाक त्याला सरावते. तो उडून गेला असे समजून पुन्हा फवारा मारला जातो, आणि शेजारी बसलेल्याला मात्र दुहेरी वास सोसावा लागतो. इलेक्ट्रॉनिक सिटीतील बहुतेक कामाच्या जागा बंद व वातानुकूलित आहेत. तेथील ऋतू बाहेरच्या ऋतूहून निराळा असतो; तापमान वर्षभर जवळजवळ एकच आणि हवा तीच ती फिरत राहणारी. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या पिवळ्या मार्गाच्या मेट्रोच्या डब्यातही तसेच. दमा किंवा अर्धशिशी असलेल्या व्यक्तीला तीव्र सुगंधाने खरोखर त्रास होतो. म्हणून कामाच्या दिवशी सौम्य द्रव्य आणि एक-दोन फवारे पुरेत. जड सुगंध सायंकाळच्या मोकळ्या हवेसाठी राखून ठेवावा.

खरेदीपूर्वी

एका वेळी तीनाहून अधिक सुगंध हुंगू नयेत. कागदी पट्टीवर आवडलेले द्रव्य मनगटावर लावून निदान तीन-चार तास थांबावे आणि मगच निर्णय घ्यावा. ज्या त्वचेला खाज सुटते तिने कोपराच्या आतील बाजूस अल्पसा प्रयोग आधी करावा. काही लिंबूवर्गीय तेले लावून उन्हात गेल्यास त्वचेवर डाग पडतात, म्हणून ती कपड्यांखाली झाकलेल्या भागी लावावीत. रेशमी साडीवर फवारा मारू नये. डाग जात नाही. कुपी स्नानगृहात किंवा खिडकीत न ठेवता अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवावी. जुन्या नावाखाली आज मिळणारा द्रव जुन्यासारखाच असतो असेही नाही, कारण पेढ्या घटक बदलीत असतात.

चंदनाच्या बाबतीत हा बदल विशेष जाणवतो. पहिल्या महायुद्धामुळे युरोपकडे जाणारे चंदन अडून पडले, तेव्हा म्हैसूर संस्थानाने १९१६ मध्ये चंदनतेल काढण्याचा उद्योग स्वतः सुरू केला आणि १९१८ मध्ये म्हैसूर चंदन साबण तयार होऊ लागला. पुढे अनिर्बंध तोडीमुळे आणि चोरीमुळे चंदनवृक्ष इतके विरळ झाले की आज अनेक सुगंधद्रव्यांतील 'चंदन' ऑस्ट्रेलियातील किंवा प्रयोगशाळेतील असते. कृत्रिम म्हणून त्याचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. त्यामुळे एक झाड उभे राहत असेल, तर तोही त्या द्रव्याचा गुणच मानला पाहिजे.

पाच कुप्यांचा संग्रह कोणालाही आवश्यक नाही. उन्हाळ्या-पावसाळ्यासाठी एक हलके द्रव्य, थंडी व सणासमारंभासाठी एक भरदार द्रव्य किंवा अत्तर, आणि मधल्या दिवसांत ताजी फुले एवढ्यावर वर्ष सुखाने जाते. महिन्याच्या पगारातील मोठा वाटा एखाद्या नावासाठी खर्च करण्यापूर्वी, ते नाव आपल्या हवेला, आपल्या कामाला आणि शेजारच्या माणसाला मानवते की नाही, एवढे अवश्य पाहावे.