फरशीखालचे काम

न्हाणीघराला लागून असलेली खोलीची भिंत तुम्ही कधी हाताने चाचपून पाहिली आहे काय? पुष्कळ घरांत ही भिंत गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओलसर लागते. रंगाचे पोपडे सुटलेले असतात, विटांवर पांढरा खार फुटलेला असतो. अशा भिंतीत विजेचे बटण असेल तर झटका बसण्याचीही भीती असते. आतल्या बाजूला मात्र चकचकीत फरशी असते! मग हे पाणी येते कोठून?

फरशीतून पाणी सहसा जात नाही, पण दोन फरश्यांमधील सांध्यांतून जाते. सांध्यांत भरलेले पांढरे सिमेंट दिसायला घट्ट असते. परंतु त्यात अतिशय बारीक छिद्रे असतात. आंघोळीचे आणि पाच वेळच्या वजूचे पाणी त्यांतून थेंबथेंब खाली उतरते. खाली अडवणारे काही नसले, तर ते विटांपर्यंत पोचते. दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तशी वीट पाणी वर ओढून घेते. म्हणून पाणी अडवण्याचे खरे काम फरशीखालच्या थराने करायचे असते. हा थर पुढे कोणाला दिसत नाही. त्यामुळे काटकसर करायची झाली, की लोक नेमकी तेथेच करतात.

आपल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव तुम्हांला माहीत आहेच. बारवेत जमिनीतील पाणी झिरपून आत यावे लागते. न्हाणीचे याच्या उलट असते. आतले पाणी बाहेर झिरपता कामा नये. त्यात आपल्याकडची जमीन काळी. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तेव्हा तिला मोठमोठ्या भेगा पडतात. न्हाणीखाली ती तशीच राहू दिली, तर वरचे बांधकामही हलते आणि कितीही चांगला थर दिला तरी तडकतो. म्हणून जाणता गवंडी आधी काळी माती खणून काढतो, तिच्या जागी मुरूम भरतो, त्यावर पाणी मारतो आणि धुम्मसाने ठोकून तो घट्ट बसवतो. त्यावर मग काँक्रीट पडते.

सिमेंट नव्हते तेव्हा काय करीत असत? दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमाम आहे. अशा जुन्या इमारतींत चुना वापरलेला असे. नुसता चुना ओलाव्यात लवकर घट्ट होत नाही. म्हणून त्यात सुरखी मिसळीत. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. तुम्हांला ‘सुर्ख’ म्हणजे लाल हे ठाऊक आहे. त्यावरूनच हे नाव पडले. (उर्दू वर्तमानपत्रातील सुर्खी म्हणजे बातमीचा मथळा, तिचा आणि गवंड्याचा काही संबंध नाही!) सुरखी मिसळलेला चुना ओल असतानाही दगडासारखा होतो. फरशी, हौद, इमारत हे गवंड्याच्या तोंडचे शब्दही तुमच्या ओळखीचेच आहेत.

आता आजचे काम पाहू. काँक्रीट वाळल्यावर पहिली गोष्ट म्हणजे उतार. भिंतीपासून जाळीपर्यंत दर मीटरला सुमारे दीड सेंटिमीटर उतार हवा. उतार चुकला, तर पाणी कोपऱ्यात साचते. त्यानंतर जाळीच्या नळाभोवतीची फट नीट भरायची. बहुतेक गळती तेथूनच सुरू होते. जमीन आणि भिंत जेथे मिळतात, तो कोपरा सिमेंट-वाळूने गोलसर करून घ्यायचा, कारण काटकोनात थर लवकर चिरतो. मग सिमेंटमध्ये जलरोधक द्रावण कालवून त्याचे दोन हात द्यायचे. पहिला हात उभा दिला, तर दुसरा आडवा द्यावा, म्हणजे एकात राहिलेली बारीक जागा दुसऱ्याने भरून निघते. हा थर जमिनीवर तर हवाच, पण भिंतींवरही निदान एक फूट चढवावा. जेथे उभ्याने आंघोळ करतात, तेथे तो डोक्याच्या उंचीपर्यंत न्यावा.

यानंतर खरी परीक्षा असते, आणि पुष्कळ ठिकाणी तीच टाळली जाते. थर पूर्ण वाळला, की जाळीचे तोंड कापडाने बंद करा. दारात छोटा बांध घाला आणि आत दोन इंच पाणी भरा. भिंतीवर पेन्सिलीने पाण्याची खूण करा. शेजारी एक पाण्याची बादली ठेवून तिच्यातही खूण करा. दोन दिवसांनी पाहा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाफ होऊन दोन्हीकडचे पाणी थोडे उतरणारच. दोन्हीकडे सारखेच उतरले आणि बाहेरची भिंत कोरडी राहिली, तर काम पक्के झाले असे समजा. न्हाणीतील पाणी जास्त उतरले, तर कोठेतरी वाट आहे. ती आता बुजवायला अर्धा दिवस लागेल. फरशी लावल्यावर कळले, तर सगळी फरशी फोडावी लागेल आणि अब्बांनी कापूस विकून आणलेले पैसे मातीत जातील.

गवंड्याला पुढच्या कामाची घाई असते. घरात मोठे कोणी नसेल, तर तुम्हीच अदबीने म्हणा, “चाचा, फरशी दोन दिवसांनी लावा. आधी पाणी भरून पाहू या.”

फरशी निवडताना चकाकीवर जाऊ नका. कर्नाटकातून येणारी शहाबादी फरशी खरखरीत असते. तिच्यावर आजी-आजोबांचा पाय सहसा घसरत नाही. टाइल हवी असेल, तर जमिनीसाठी खरखरीत पृष्ठभागाचीच घ्या. दोन टाइलांमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवायला सांगा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टाइलवर नाण्याने हलकेच ठोकून पाहा. आवाज पोकळ आला, तर खाली सिमेंट भरलेले नाही. ती टाइल काढून पुन्हा बसवून घ्या. सांधे त्यानंतरच भरायचे.