काडीला खाली कुठे ते कळतं

अंजिराच्या बागेत छाटणी झाली की बांधावर काड्यांचा ढीग पडतो. त्यातली पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची एक काडी मागून आणा. पान नाही, मूळ नाही, कापल्या तोंडाशी वाळलेला पांढरा चीक. वाळूमिश्रित मातीच्या कुंडीत दोन डोळे गाडले जातील अशी खोचा, सावलीत ठेवा, पाणी बेतानं घाला. काही आठवड्यांत त्या जळणाला मुळ्या फुटलेल्या असतात.

फुटतात कुठून? सालीच्या आत जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. आजवर खोड जाड करणं एवढंच त्याचं काम. तोडल्यावर त्यातल्या काही पेशी ते काम सोडतात, पुन्हा कोवळ्या होतात आणि चक्क मूळ घडवायला घेतात.

पण मला खरं वेड लावलं ते वेगळ्याच गोष्टीनं. झाडावर असताना काडीचं जे टोक बुडाकडे होतं, त्याच टोकाला मुळ्या का येतात? हेर्मान फ्योख्टिंग या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात विलोच्या, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या भाऊबंदाच्या, काड्या दमट हवेत उलट्या टांगल्या. मुळ्या प्रामुख्यानं मूळच्या बुडाशीच आल्या, म्हणजे आता वर! काडी उलटली तरी तिची दिशा उलटली नव्हती.

त्यामागे ऑक्सिन नावाचं संप्रेरक आहे. ते कोवळ्या डोळ्यांत आणि पानांत तयार होतं आणि पेशीपेशीतून बुडाकडे सरकतं. प्रत्येक पेशीची त्याला बाहेर सोडणारी दारं मुख्यतः बुडाकडच्या भिंतीत असतात, त्यामुळे वाट एकेरी. फांदी कापली की पुढचा रस्ताच संपतो, ऑक्सिन कापल्या टोकाशी साचतं, आणि तीच मूळ धरण्याची खूण ठरते. म्हणून बूड कुठलं ते ओळखू यावं यासाठी बरेच नर्सरीवाले बुडाचा काप सरळ आणि शेंड्याचा तिरका घेतात. उलटसुलट झालं की फसलं.

एक सावधगिरी. साठवलेल्या अन्नावर पालवी बऱ्याचदा मुळ्यांच्या आधीच फुटते. आपण हरखतो आणि काडी हलवून बघतो. मी बघितली होती. तांदळाच्या कण्यांएवढ्या कोवळ्या मुळ्या मोडल्या आणि आठवड्यात पानांनी मान टाकली.

अंजिराला ही काडी चैन नव्हे, गरज आहे. आपल्याकडची अंजिरं परागीकरणाशिवायच धरतात. दाताखाली कचकचणाऱ्या बिया पोकळ असतात, रुजत नाहीत. जॉर्डनच्या खोऱ्यात, जेरिकोजवळ गिलगाल इथे सुमारे 11,400 वर्षांपूर्वीची जळकी अंजिरं सापडली. ती अशीच बिनपरागाची असून माणसानं काड्या लावूनच वाढवली असावीत, असं संशोधकांनी 2006 मध्ये मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पटलं, तर गहू-बार्लीच्या शेतीआधी कुणीतरी काडी खोचून वाट पाहिली होती.

पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या बागेत झाडाचं वय विचारलं तर लागवडीचं साल सांगतात. पण ती काडी दुसऱ्या झाडाची, ते झाड तिसऱ्याच्या काडीचं. यातलं मूळ झाड कुठलं, हे कुणाला विचारायचं?