भातखाचरातील माती: समता आणि विषमता

पाण्याने भरलेले भाताचे खाचर दुरून पाहणाऱ्याला सर्वत्र सारखेच भासते. जमिनीचा उंचसखलपणा पाण्याखाली झाकला जातो आणि चारही बांधांच्या आत एकच माती असावी, असा समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. ज्या पाण्यामुळे खाचर एकसारखे दिसते, तेच पाणी पुष्कळदा मातीत भेद निर्माण करीत असते.

कालव्याचे पाणी आपल्याबरोबर गाळ आणते. खाचरात शिरताच त्याचा वेग मंदावतो. रेतीचे जड कण तोंडाशीच बसतात, तर चिकणमातीचे सूक्ष्म कण दूरवर वाहत जातात. वर्षानुवर्षे असे होत राहिले, की तोंडाकडील माती हलकी व शेवटाकडील भारी होते. हलक्या मातीत पाणी झिरपून जाते आणि त्याबरोबर विरघळलेले खतही जाते. एका खाचरातून दुसऱ्या खाचरात पाणी सोडण्याची पद्धत असेल, तर वरच्या शेतकऱ्याने दिलेल्या खताचा काही अंश खालच्या शेतकऱ्याला मिळतो. मात्र याची नोंद कोणाच्याच हिशेबात नसते!

पातळीतील थोडासा फरकही येथे महत्त्वाचा ठरतो. पाण्याखालच्या मातीतील प्राणवायू थोड्याच अवधीत संपतो. मग तेथील जीवाणू प्रथम नायट्रेटचा व पुढे मँगॅनीज आणि लोह यांच्या संयुगांचा उपयोग श्वसनासाठी करू लागतात. आम्ल मातीचा सामू वाढतो, अल्कधर्मी मातीचा उतरतो, आणि दोन्ही उदासीन बिंदूच्या जवळ येतात. बुडालेल्या मृदांचे हे रसायनशास्त्र श्रीलंकेचे शास्त्रज्ञ पोन्नम्पेरुमा यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रदीर्घ लेखात सविस्तर मांडले आहे. स्फुरद या अवस्थेत पिकाला अधिक सुलभ होते. जस्त मात्र दुर्लभ होते. खाचरातील उंचवटे मधूनमधून उघडे पडतात व पुन्हा बुडतात. उघडे असताना तेथील अमोनियमचे नायट्रेट बनते आणि पुन्हा पाणी चढले, की त्या नायट्रेटमधील नत्र वायुरूपाने निघून जाते. काही सेंटिमीटरच्या फरकाने एकाच खाचरात दोन तऱ्हेच्या मृदा नांदतात, त्या अशा.

हा भेद किती महाग पडू शकतो, हे हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या तराईच्या प्रदेशात दिसून आले. तेथील भातावर ‘खैरा’ नावाचा विकार पडत असे. लावणीनंतर थोड्याच आठवड्यांत पाने पिवळी पडत, त्यांवर कातासारख्या तांबूस-तपकिरी रंगाचे डाग उमटत आणि रोपे खुरटत. विकार सरसकट नसे. खाचरात त्याचे ठिगळासारखे पट्टे दिसत. पंतनगर कृषी विद्यापीठातील डॉ. नेने यांनी १९६६ साली दाखवून दिले, की याच्या मुळाशी कोणताही रोगजंतू नसून जस्ताची उणीव आहे. उपाय अगदी साधा निघाला: हेक्टरी ५ किलोग्रॅम झिंक सल्फेट व २.५ किलोग्रॅम विरलेला चुना १,००० लिटर पाण्यात मिसळून फवारावयाचा. अशी उणीव पट्ट्यापट्ट्यांनी का येते, याचे उत्तर मातीतच आहे. जेथे चुनखडीचे प्रमाण अधिक, जेथे पाणी दीर्घकाळ साचते, किंवा जेथे सपाटीकरणात वरचा सुपीक थर खरवडला जाऊन खालची माती उघडी पडलेली असते, तेथे जस्त प्रथम कमी पडते. सपाटीकरण हे चांगले काम खरे. पण कापलेल्या व भरलेल्या भागांची सुपीकता पुढे बराच काळ समान होत नाही, हे फार थोडे लोक ध्यानात घेतात.

माती परीक्षणाची खरी कसोटी येथेच लागते. एका खाचरातील दहा जागांची माती एकत्र केली, असे समजू. त्यांपैकी आठ जागी उपलब्ध जस्त दशलक्ष भागांत १ भाग आहे आणि उरलेल्या दोन जागी केवळ ०.३. मिश्रणात ते ०.८६ भरेल. आपल्या देशात सामान्यतः ०.६ ही उणिवेची मर्यादा मानतात. म्हणजे अहवालात ‘जस्त पुरेसे’ असे येईल आणि खाचराचा पाचवा हिस्सा उपाशीच राहील. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगढ येथे मृदा आरोग्यपत्रिका योजनेचा आरंभ झाला, तेव्हा बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरांच्या चौकोनास एक नमुना असे प्रमाण ठरविण्यात आले होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर होती. म्हणजे दोन-दोन शेतकऱ्यांच्या जमिनी एकाच नमुन्यात बसत. एवढ्या अफाट कामाच्या आरंभी हे कदाचित अपरिहार्य असेल. परंतु त्या आकड्यास आपल्याच खाचराचा आकडा समजणे धोक्याचे आहे.

म्हणून नमुना घेण्यापूर्वी शेतकऱ्याने उभे पीक पाहून ठेवावे. जेथे रोपे वेगळी दिसली, तेथे खुणेची काठी रोवावी. कापणीनंतर जमीन वाळली, की त्या भागाची माती स्वतंत्र घ्यावी. खड्डा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा, १५ सेंटिमीटर खोल असावा आणि त्याच्या बाजूची माती वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीने खरवडावी. बांधालगतची, पाण्याच्या तोंडाजवळची, झाडाखालची व खताचा ढीग जेथे होता तेथील माती त्यात मिसळू नये.