खरचटलेल्या कोपराचे मोल

हिवाळा सुरू झाला की शनिवारी रात्री पुण्या-मुंबईतील अनेक तरुण-तरुणी पाठपिशव्या घेऊन सह्याद्रीची वाट धरतात. रविवारी रात्री ती परततात, तेव्हा कोणाचे कोपर सोललेले असते, कोणाच्या गुडघ्यावर काळानिळा डाग असतो, तर कोणाच्या बोटांच्या पेरांची कातडी निघालेली असते. घरात हळदीचा डबा उघडतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो : हे सारे कशासाठी? दुकान, शिकवणी आणि परीक्षा यांच्या चौकटीत जिथे मुलांना जपून वाढवले जाते, तिथे हा प्रश्न स्वाभाविकच आहे. तो मायेपोटी विचारलेला असतो. म्हणूनच त्याचे उत्तर विचारपूर्वक द्यावयास हवे.

सह्याद्रीचा खडक बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून तो घडला. तैलबैल्याच्या भिंती, लोणावळ्याजवळची नागफणी, जीवधनशेजारचा वानरलिंगी सुळका ही त्याचीच रूपे. अशा कातळावर चढताना बोटभर खाचेत पेरे रोवावी लागतात, भेगेत मूठ अडकवून शरीराचा भार तोलावा लागतो. त्यात कातडी घासली जाणारच. पाय निसटला तर खाली उभा असलेला सहकारी दोर रोखून धरतो आणि चढणारा खाली कोसळत नाही. परंतु त्या हिसक्याने तो भिंतीवर आपटू शकतो. म्हणजे दोर आपले काम चोख करीत असतानाही मुका मार बसू शकतो. प्रस्तरारोहणातील ही नित्याची गोष्ट आहे.

हा मार बरेच काही सांगतो. नवशिका हातांच्या जोरावर स्वतःला वर ओढतो आणि घाबरला की गुडघा टेकतो. अनुभवी मात्र पायाच्या चवड्यावर उभा राहतो आणि हातांचा उपयोग मुख्यतः तोल राखण्यासाठी करतो. सोललेला गुडघा सांगतो की, जिथे पाऊल हवे होते तिथे गुडघा आला. हा धडा शिक्षकाने दहा वेळा सांगूनही जितका उमगत नाही, तितका एका ओरखड्याने उमगतो.

नॉर्वेतील अभ्यासक एलन सँडसेटर यांनी मुलांच्या धाडसी खेळांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. उंचीवर चढणे, वेगाने धावणे, थोडे दूर भटकणे अशा खेळांतून मुले भीतीला थोडी-थोडी सामोरी जातात आणि वयानुरूप ती भीती ओसरते, असा विचार त्यांनी लाइफ केनेअर यांच्यासह २०११ मध्ये मांडला. कॅनडातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये घराबाहेरील अशा खेळांचा पुरस्कार केला. मात्र तसे करताना मुलाला उमजणारी व पेलता येणारी जोखीम आणि त्याच्या ध्यानातच न येणारा धोका यांत स्पष्ट भेद केला पाहिजे, हेही तज्ज्ञ आवर्जून सांगतात.

हा भेद जगातील नामवंत आरोहकही पाळतात. टॉमी कॉल्डवेल आणि केव्हिन जॉर्जसन या दोन अमेरिकन आरोहकांनी कॅलिफोर्नियातील एल कॅपिटन या प्रचंड कातळावरील ‘डॉन वॉल’ची चढाई १९ दिवस भिंतीवरच मुक्काम करून १४ जानेवारी २०१५ रोजी पूर्ण केली. दोर केवळ पडताना सावरण्यासाठी होता. चढायचे ते हातापायांच्याच बळावर. वाटेतील एका टप्प्यावर जॉर्जसन पुनःपुन्हा पडले. वस्तऱ्यासारख्या धारदार कपारींनी त्यांच्या बोटांची कातडी फाटली. त्यांनी हट्टाने चढत राहण्याऐवजी बोटांना पट्ट्या बांधल्या, कातडी भरून येण्यासाठी विश्रांती घेतली आणि मग तो टप्पा पार केला. पुढे गेलेले कॉल्डवेल त्यांच्यासाठी थांबले होते. जखमेला घाबरायचे नाही, तसेच तिच्याकडे दुर्लक्षही करायचे नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

व्यापारी घराण्यांना जोखीम हा शब्द नवा नाही. पूर्वी समुद्रमार्गे माल पाठवताना ‘जोखमी हुंडी’ लिहिली जाई. माल सुखरूप पोहोचला तरच तिची रक्कम देय होई. जहाज बुडाले तर ते नुकसान हुंडी घेणाऱ्याचे. ज्यांनी हा व्यवहार केला, ते बेफिकीर नव्हते. जहाज कोणते, ऋतू कोणता, तांडेल किती जाणता, हे पाहूनच ते हुंडी घेत. मुलाला कड्यावर पाठवतानाही हीच चौकशी करावी. शिकवणारा प्रशिक्षित आहे का? हेल्मेट प्रत्येकाला मिळते का? हार्नेस व दोर यांची तपासणी कोण करतो? गाठ बांधल्यावर दुसरा सहकारी ती पुन्हा पाहतो का? जवळपास आग्या मोहोळ आहे का? पावसाळ्यात शेवाळलेल्या कड्यावर नेण्याचा बेत तर नाही ना? सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम असल्यास आयोजकांना तेही आधी कळवावे. ही उत्तरे समाधानकारक नसतील, तर नकार देणे हेच शहाणपण. ती समाधानकारक असतील, तर खरचटण्याच्या भीतीने मुलाला अडवू नये.

घरी आल्यावर करावयाचे उपचार साधे आहेत. खरचटलेली जागा प्रथम वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवून माती-खडे काढावेत. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना, हे पाहावे. मुक्या मारावर पहिले एक-दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा-थोडा वेळ धरावा. काळानिळा डाग पुढे हिरवट, मग पिवळट होत दोनेक आठवड्यांत मावळतो. साकळलेले रक्त शरीर विरघळवीत असल्याची ती खूण असते. मात्र डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा गोंधळलेपणा जाणवला, हात-पाय वाकडा दिसला किंवा त्यावर भार घेता आला नाही, तर तत्काळ डॉक्टर गाठावा. वाढत्या वयातील मुलांच्या बोटाचा मधला सांधा दुखत राहिला, तर तेही अंगावर काढू नये. तेथील हाडाची वाढ अजून चालू असते आणि अतिताणाने तिला इजा होऊ शकते.

वडीलधाऱ्यांनाही असे डाग अपरिचित नाहीत. सम्मेदशिखरजीची सुमारे २७ किलोमीटरची वंदना अनवाणी करून आलेल्या आजींच्या तळव्यांना फोड आलेले असतात. त्यांचे पाय चेपले जातात, पण वंदनेला जाऊ नका असे त्यांना कोणी म्हणत नाही. तिथला हेतू भक्तीचा, इथला साहसाचा. दोन्ही एक नव्हेत. परंतु शरीराने स्वेच्छेने सोसलेला थोडा त्रास माणसाला दुबळा करीत नाही, हे त्या घराला आधीपासूनच ठाऊक असते. तेव्हा मुलाच्या कोपरावर औषध लावताना, ‘पुन्हा जायचे नाही’ याऐवजी ‘पाय कुठे निसटला?’ असे विचारून पाहावे. मूल त्याचे उत्तर मोकळेपणाने सांगेल आणि पुढच्या खेपेस पाऊल अधिक जपून टाकील.