पत्रा बंद होण्याआधी : घरी बांधलेल्या विमानातल्या अँटेना

घरी विमान बांधणारा माणूस इंजिनाच्या निवडीवर महिनोन्‌महिने घालवतो, पंखाच्या एकेका रिव्हेटसाठी रात्री जागवतो. अँटेनाची आठवण मात्र बहुतेकांना रंगकाम उरकत आल्यावर होते. मग जिथे जागा उरली असेल तिथे भोक पाडून ती बसवली जाते, आणि पहिल्या उड्डाणांपासून टॉवरची तक्रार सुरू होते : आवाज तुटतोय, पुन्हा सांगा. रेडिओ बदलला तरी तक्रार जात नाही, कारण बहुतेक वेळा दोष रेडिओत नसतोच. अँटेना हा विमानाच्या रचनेचाच भाग आहे, आणि तिची जागा पत्रा किंवा फायबर बंद होण्याआधी ठरली पाहिजे, हे या लेखात मला आग्रहाने मांडायचे आहे.

हौशी बांधणीचे जग

या छंदाचे सर्वांत मोठे घर अमेरिका. पॉल पोबरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकी येथे ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ स्थापन केली. तिचा वार्षिक मेळावा १९७० पासून विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश गावी भरतो. विमानाच्या कामाचा निम्म्याहून मोठा वाटा हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा हौसेपोटी स्वतः केलेला असावा, अशी तिथल्या कायद्याची अट आहे. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी १९७३ मध्ये ओरेगॉन राज्यात सुरू केलेल्या ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ कंपनीच्या आरव्ही मालिकेतली दहा हजारांहून जास्त विमाने आजवर उडाली आहेत. ती ॲल्युमिनियमची. दुसरी परंपरा बर्ट रुटान यांची. फोमच्या गाभ्यावर काचतंतूचे कापड आणि इपॉक्सी चढवून बांधायची त्यांची व्हेरीईझ आणि लाँग-ईझ ही विमाने सत्तरच्या दशकात आली आणि विमान प्लॅस्टिकचेही असू शकते, हे हौशी जगाला पटले.

आपल्याकडे ही वाट अवघड आहे, पण अगदीच अनोळखी नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते पाहिले, आणि २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक दिला. त्यांच्या पावलावर पाऊल टाकणाऱ्या मराठी तरुणांना इंजिन आणि पंखांइतकीच अँटेनाचीही माहिती हवी.

एका विमानात किती अँटेना?

बोलण्याच्या रेडिओची अँटेना सर्वांत महत्त्वाची. तो ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतो. त्याच्याखालचा १०८ ते ११८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा दिशा दाखवणाऱ्या व्हीओआर केंद्रांचा आणि धावपट्टीची मध्यरेषा दाखवणाऱ्या लोकलायझरचा. ट्रान्सपाँडर रडारचा प्रश्न १०३० मेगाहर्ट्‌झवर ऐकतो आणि १०९० वर उत्तर देतो. जीपीएस १५७५.४२ मेगाहर्ट्‌झवर. शिवाय अपघातानंतर उपग्रहांना हाक घालणारा इमर्जन्सी लोकेटर ट्रान्समीटर म्हणजे ईएलटी, ४०६ मेगाहर्ट्‌झवर. छोट्याशा दोन आसनी विमानात या पाच जणांना एकमेकांच्या वाटेत न येता नांदवायचे असते.

प्रत्येकाची लांबी कंप्रतेवरून ठरते. ३०० ला मेगाहर्ट्‌झने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १२७ मेगाहर्ट्‌झला ती सुमारे २.३६ मीटर येते आणि तिचा चौथा भाग ५९ सेंटीमीटर. म्हणून बोलण्याच्या रेडिओची साधी दांडी जवळजवळ दोन फुटांची असते, तर ट्रान्सपाँडरची जेमतेम सात सेंटीमीटर. दुसरी गोष्ट पोलरायझेशनची, म्हणजे तरंगांच्या कंपनाच्या दिशेची. बोलण्याचे तरंग उभे असतात, व्हीओआरचे आडवे. त्यामुळे पहिली अँटेना शक्य तितकी उभी हवी आणि दुसरी आडवी. व्हीओआरसाठी शेपटीच्या टोकावर आडव्या मिशांसारख्या दोन काड्या दिसतात, त्या यामुळेच.

दांडी म्हणजे अर्धीच अँटेना

पाव तरंगाची दांडी ही अँटेनाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा म्हणजे तिच्या तळाशी पसरलेला धातूचा पत्रा, ज्याला ग्राउंड प्लेन म्हणतात. आरशात प्रतिमा दिसावी तसे त्या पत्र्यात दांडीचे प्रतिबिंब उमटते आणि दोन्ही मिळून पूर्ण अँटेना होते. पत्रा दांडीच्या चारी बाजूंना किमान दांडीच्या लांबीइतका पसरलेला असावा. ॲल्युमिनियमच्या विमानात तो आयता मिळतो. लाकडी सांगाड्यावर किंवा नळ्यांच्या चौकटीवर कापड ताणलेल्या विमानात तो मुळात नसतो. तिथे दांडीच्या तळापासून चार-सहा दिशांना तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापडाच्या आत पसरून तो तयार करावा लागतो. महागडी दांडी कापडावर नुसतीच बसवली, तर केबलची बाहेरची जाळीच ग्राउंड प्लेनचे काम करू लागते. मग बटण दाबल्यावर हेडफोनमध्ये शिट्टी ऐकू येते आणि मायक्रोफोनच्या वायरीला हात लावला की आवाज बदलतो.

काचतंतूच्या विमानात उलट सोय आहे. काचतंतू रेडिओ तरंग अडवत नाही, त्यामुळे अँटेना आत लपवता येते आणि वाऱ्याचा अडथळाही वाचतो. कॅलिफोर्नियातल्या ‘रेडिओ सिस्टिम्स टेक्नॉलॉजी’चे जिम वियर यांनी तांब्याच्या चिकटपट्टीचा द्विध्रुव रुटानच्या विमानांत रूढ केला. जेमतेम सव्वा सेंटीमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या एका रेषेत, प्रत्येकी साधारण अर्धा मीटर, मध्ये केबल जोडलेली, आणि जोडापाशी केबलवर ओवलेली तीन फेराइट कडी. ही कडी बाहेरच्या जाळीवरून परत येणारा प्रवाह रोखतात. लाँग-ईझच्या पंखटोकांना उभे पंख असतात. बोलण्याची पट्टी त्यांच्यात उभी जाते, म्हणून तिला ती जागा साजते. केबल मात्र पट्टीपासून काटकोनात काही अंतर दूर न्यावी, आणि पट्टीजवळून नियंत्रणाचे धातूचे दांडे किंवा दिव्याच्या वायरी जाऊ देऊ नयेत.

कार्बनतंतूचा नियम वेगळा. कार्बन विजेचा वाहक आहे. त्याच्या आड ठेवलेली अँटेना मुकी होते. कार्बनच्या धडात अँटेना बाहेरच काढावी, किंवा शेपटीचा एखादा भाग मुद्दाम काचतंतूचा करावा. धातूची भुकटी असलेला रंगही अँटेनावर नको.

पोट की पाठ?

अँटेना पोटाखाली लावावी की पाठीवर, हा प्रश्न ॲल्युमिनियमवाले पुन्हा पुन्हा विचारतात. हवेत असताना बोलायचे ते खाली जमिनीशी. पोटाखालच्या अँटेनाला तिथे आडोसा नसतो. जमिनीवर मात्र तीच अँटेना पत्रा आणि डांबर यांच्यामध्ये अडकते आणि टॅक्सी करताना आवाज मंदावतो. पाठीवरच्या अँटेनाचे याच्या उलट. दोन रेडिओ असतील तर एक वर, एक खाली, ही सर्वांत शहाणी मांडणी. एकच असेल तर मी पोटाखालच्या बाजूने कौल देईन. विमान दूर असते आणि संदेश खरोखर महत्त्वाचा असतो, तेव्हा ते हवेतच असते.

पोटाखाली जागा निवडताना चाकांच्या धातूच्या पायांकडे पाहावे. हे पाय साधारण अँटेनाच्याच लांबीचे असतात आणि फार जवळ आले तर तिची शक्ती ओढून घेतात. एक्झॉस्टच्या थेट मागची जागा टाळावी, तिथे तेल आणि काजळी साचते. दांडी मागे झुकलेली असेल तर तिचे टोक जमिनीला लागणार नाही ना, हे टायर बसलेला आणि शेपूट दबलेली असताना मोजावे.

अंतराचे गणित साधे आहे. या पट्ट्यातले तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे क्षितिजापलीकडचे ऐकू येत नाही. ३०५ मीटर म्हणजे १००० फुटांवरून पल्ला सुमारे ७२ किलोमीटर, ५००० फुटांवरून १६० किलोमीटर. हलक्या विमानाच्या रेडिओची शक्ती सहसा पाच ते दहा वॅट असते आणि या पल्ल्यासाठी ती पुरते, अट एकच की ती अँटेनापर्यंत पोहोचली पाहिजे.

बसवणी, अगदी जवळून

ॲल्युमिनियमच्या पोटाला दांडी बसवणे बघायला सोपे वाटते. तिथला पत्रा बहुतेकदा एक मिलिमीटरहून पातळ असतो आणि ताशी तीनशे किलोमीटरच्या वाऱ्यात दांडी त्याला सतत हलवत असते. आधार नसेल तर स्क्रूच्या भोकांतून भेगा निघतात. म्हणून आतून पत्र्याहून जाड डबलर, म्हणजे जोडपत्रा, रिव्हेटने बसवायचा, आणि शक्यतो तो शेजारच्या दोन फासळ्यांना टेकवायचा. दांडी बसवण्याआधी तिचा तळ जिथे पत्र्याला लागणार तिथला रंग आणि प्रायमर काढून उघड्या ॲल्युमिनियमवर गंजरोधक रासायनिक लेप द्यायचा. रंगावर बसवलेली अँटेना वरवर घट्ट दिसते, विजेच्या दृष्टीने मात्र ती अधांतरी असते. तळ आणि पत्रा यांच्यातला रोध मिलिओहममध्ये यायला हवा. शेवटी कडेने विमानाचा सीलंट. बाजारातला व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नये, त्यातले आम्ल ॲल्युमिनियम खाते. अमेरिकी हवाई प्रशासनाच्या एसी ४३.१३-२बी या पुस्तिकेत अँटेना बसवण्यावर अख्खे प्रकरण आहे. बांधणाऱ्याने ते हाताशी ठेवावे.

केबलमध्ये कंजुषी करू नये. जुनी आरजी-५८ बोलण्याच्या रेडिओला तीन मीटरपर्यंत चालून जाते. ट्रान्सपाँडरच्या हजार मेगाहर्ट्‌झला मात्र तीच केबल पाच मीटरमध्ये जवळपास निम्मी शक्ती गिळते. आरजी-४०० मध्ये टेफ्लॉनचा गाभा आणि चांदीच्या मुलाम्याची दुहेरी जाळी असते. ती गळती कमी करते आणि इंजिनाजवळची उष्णताही सोसते. बीएनसी कनेक्टर योग्य पकडीने क्रिंप करावेत. ‘अँटेना खराब’ म्हणून येणाऱ्या तक्रारींचा उगम अनेकदा याच जोडात असतो.

ट्रान्सपाँडरची छोटी दांडी पोटाखाली, बसणाऱ्या माणसांपासून दूर. तो स्पंदनांमध्ये शंभर-दोनशे वॅट सोडतो. धातूच्या विमानात पत्रा आड येतो, काचतंतूच्या विमानात काहीच आड नसते. ईएलटीची अँटेना यंत्राजवळच, त्याच बाजूच्या रचनेवर हवी. अपघातात धड तुटले आणि केबल तुटली, तर यंत्र शाबूत असूनही हाक पोहोचत नाही. उपग्रहांनी जुन्या यंत्रांची १२१.५ मेगाहर्ट्‌झवरची हाक ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून थांबवले आहे, त्यामुळे ४०६ मेगाहर्ट्‌झचेच यंत्र घ्यावे आणि त्याची नोंदणी करावी. भारतात असे संकटसंदेश बंगळुरूच्या केंद्रात येतात.

जीपीएस आणि एक चाचणी

जीपीएसला आकाश दिसले की पुरते. आरव्हीचे अनेक मालक ती अँटेना इंजिनाच्या काचतंतूच्या झाकणाखाली फळीवर बसवतात. पण बोलण्याच्या रेडिओशी तिचे एक जुने भांडण आहे. १२१.१७५ ला १३ ने गुणा, उत्तर १५७५.२७५ येते. १३१.२७५ ला १२ ने गुणा, १५७५.३ येते. दोन्ही आकडे जीपीएसच्या कंप्रतेला खेटून आहेत. रेडिओतून या गुणजांची थोडीशी गळती झाली तरी उपग्रहांचा अत्यंत क्षीण संकेत बुडतो. म्हणून बसवणी झाल्यावर १२१.१५०, १२१.१७५, १२१.२०० आणि १३१.२५०, १३१.२७५, १३१.३०० या कंप्रतांवर प्रत्येकी अर्धा मिनिट बटण दाबून पडद्यावरचे उपग्रह गळतात का, ते पाहावे. १२१.५ च्या आणीबाणीच्या कंप्रतेला धक्का लावू नये. गळती दिसली तर दोन अँटेनांमधले अंतर वाढवणे हा पहिला उपाय.

आता जीपीएस आहे तर व्हीओआरची अँटेना कशाला, असे अनेक जण म्हणतात. गेल्या काही वर्षांत अमृतसर आणि जम्मू भागात जीपीएसमध्ये अडथळे आल्याच्या नोंदी वाढल्या आहेत. ते पाहता आरव्हीच्या काचतंतूच्या पंखटोकात लपणारी आडवी अँटेना मला तरी उपयोगाची वाटते.

अखेरची तपासणी एसडब्ल्यूआर मापकाने, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणाऱ्या उपकरणाने. ११८, १२७ आणि १३७ या तिन्ही ठिकाणी वाचन घ्यावे. दोनास एक आले तर सुमारे ११ टक्के शक्ती परत येते, तीनास एक आले तर २५ टक्के. दोनाच्या आत उत्तम, तीनाच्या वर नामंजूर. हल्ली नॅनोव्हीएनए नावाचे तळहातावर मावणारे उपकरण काही हजार रुपयांत मिळते आणि पूर्ण पट्ट्याचा आलेख काढून दाखवते. मोजणी हँगरबाहेर, लोखंडी पत्र्यांपासून दूर करावी. काचतंतूच्या विमानात ती वरचे कापड चढवण्याआधीच करावी, कारण नंतर दुरुस्ती म्हणजे तोडफोड. उड्डाणात एखाद्या शांत केंद्रापासून तीस-चाळीस किलोमीटरवर, पंख शक्य तितके कमी कलवून सावकाश गोल फिरावे आणि दर ४५ अंशांना आवाज कसा आहे ते विचारावे. कुठल्या बाजूला अँटेना आंधळी आहे ते लगेच कळते.

भारतात विमानाच्या रेडिओला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेचा परवानाही लागतो, त्याची कागदपत्रे बांधणीबरोबरच सुरू करावीत.

निवड करायची झाली, तर माझा कौल स्पष्ट आहे. धातूच्या विमानाला पोटाखाली पाव तरंगाची दांडी, काचतंतूच्या विमानाला आत उभा तांब्याचा द्विध्रुव, कार्बनच्या विमानाला बाहेरची अँटेना, आणि सर्वांना चांगली केबल. विमान बांधायला घेतलेल्या प्रत्येक वाचकाला माझे सांगणे आहे : आराखड्याच्या पहिल्याच कागदावर पाचही अँटेनांच्या जागा आखा, केबलचे मार्ग आखा, आणि एसडब्ल्यूआरचे आकडे वहीत लिहिल्याशिवाय एकही पत्रा कायमचा बंद करू नका.