आधी तेरवी, मग लग्न

गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीसारख्या गावात केटरिंग सुरू करायचे मनात आले की माणूस पहिला हिशेब लग्नाचा मांडतो. हजार पान, पानामागे अमुक रुपये, त्यातून खर्च वजा. कागदावर हा धंदा फार देखणा दिसतो. माझा सल्ला उलटा आहे. पहिले वर्षभर लग्नाची ऑर्डर घेऊच नका. तेरवी घ्या, बारसे घ्या, एखाद्या सरकारी प्रशिक्षणाचे साठ डबे घ्या.

असे का, ते पंचांग आणि धानाची बांधी दोन्ही सांगतात. आषाढी ते कार्तिकी एकादशी हा चातुर्मास मुहूर्ताचा नाही. तुळशीचे लग्न लागले की घरोघरची लग्ने सुरू होतात, पण पौष बरेच जण टाळतात. बौद्ध समाजातल्या लग्नांना मुहूर्ताचे बंधन नसते, तरी रोवणीच्या चिखलात लग्न तेही धरत नाहीत. म्हणजे खरा हंगाम उन्हाळ्याचा. त्या दोन-तीन महिन्यांच्या भरवशावर कर्ज काढून भांडी घेतली, तर पावसाळाभर ती भांडी घरात पडून राहतात आणि हप्ता मात्र चालूच राहतो. नवेगाव-नागझिऱ्याच्या पर्यटकांवरही भिस्त ठेवू नये. व्याघ्र प्रकल्पाची फाटके पावसाळ्यात बंद असतात, म्हणजे जेव्हा लग्ने नसतात तेव्हा पर्यटकही नसतात.

तेरवी असो की बौद्ध घरातले पुण्यानुमोदन, त्याला हंगाम नाही. तारीख आठ-दहा दिवस आधी ठरलेली असते, माणसे शे-दोनशे-तीनशे, आणि जेवण ठरीव: वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, पुरी, काही गोड. घरचे लोक थकलेले असतात. त्यांना स्टॉल नको, स्वागताचे सरबत नको. वेळेवर, स्वच्छ आणि पुरेल एवढे अन्न हवे. नव्या माणसाने शिकायचे तेही नेमके हेच तीन. शिवाय त्या पंगतीत चार गावचे सोयरे बसलेले असतात. कोहमाऱ्याच्या चौकातल्या फ्लेक्सपेक्षा त्यांचे तोंड जास्त चालते.

आता पैशाकडे येऊ, कारण हा धंदा चुलीवर बुडत नाही, वहीत बुडतो. एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. दोनशे पानांची तेरवी, पानाला ११० रुपये, म्हणजे २२,००० रुपये. किराणा, तेल, भाजी ११,०००. गॅस १,५००. आचारी, पुऱ्या लाटणाऱ्या बाया, वाढपी, भांडी घासणारे मिळून ५,०००. भांड्यांचे भाडे आणि गाडी २,०००. उरले २,५००. आता तीस माणसे जास्त आली. गावात हे होतेच, आलेल्या माणसाला पंगतीतून उठवत नाहीत. त्यांच्या अन्नाचे पानामागे ५५ रुपये धरले तरी १,६५० गेले. हातात राहिले ८५०, आणि तुमची दोन दिवसांची मेहनत अजून हिशेबात धरलेलीच नाही.

म्हणून पत्रावळी मोजून न्याव्यात आणि मोजून परत आणाव्यात. जितक्या लागल्या तितकी पाने. ठरल्यापेक्षा जास्त पाने झाली तर दर काय, हे आधी चिठ्ठीवर लिहून घ्यावे. ओळखीच्या घरी असे लिहून मागायला संकोच वाटतो. पण नंतर भांडण होते ते ओळखीच्याच घरी.

उधारी हे दुसरे दुखणे. हा धानाचा मुलूख. धान आधारभूत खरेदी केंद्रावर जाते आणि चुकारे खात्यात पडेपर्यंत शेतकऱ्याच्या घरातले सगळे देणे थांबलेले असते; त्यात केटररही आला. किराणा दुकानदार मात्र थांबत नाही. थांबला तर भाव चढवून लावतो. इसार निम्मा घ्यावा, म्हणजे निदान किराणा आपल्या खिशातून भरावा लागत नाही. बाकी रक्कम पंगत बसण्याआधी मागण्यात कमीपणा नाही.

मुंबईच्या गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायका याच फासात अडकल्या होत्या. कामगार महिन्याच्या पगारावर पैसे देणार, तोवर धान्य उधारीवर, आणि व्याज देता देता नफा संपणार. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, या बायकांना एकत्र आणले आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून लहान लहान कर्जे मिळवून दिली. त्या बायकांना स्वयंपाक कुणी शिकवायची गरज नव्हती. महिन्याभराचे खेळते भांडवल मिळाले आणि धंदा उभा राहिला. पुढे मंडळाने स्वतःही केटरिंगची कामे घेतली. आज गावात ‘उमेद’चे बचत गट आहेत, २०१५ पासून मुद्रा योजनेत शिशु गटाचे ५० हजारांपर्यंतचे कर्ज आहे. ते भांड्यांत अडकवू नये, किराण्यासाठी हाताशी ठेवावे.

भांडी भाड्याने मिळतात. बिछायत केंद्रात मंडप, खुर्च्या, गंज, कढया, ताटे सगळे असते. विकत घ्यायचेच तर आधी मोठा वजनकाटा घ्या. अंदाजाने रांधणारा आचारी गावात मान मिळवतो, पण धंद्यात तो महाग पडतो. मग चांगल्या दोन शेगड्या, झारे, सुऱ्या आणि अन्नाचे तापमान मोजायचा थर्मामीटर.

थर्मामीटरचे नाव काढले की आचारी हसतात. हसू द्या. इथे भात हेच जेवण आहे आणि केटररची खरी परीक्षा भातातच होते, दोन अंगांनी. पहिले अंग मापाचे. शंभर माणसांना दहा किलो तांदूळ धरला तर शिजून पंचवीस-तीस किलो भात होतो. पण हे तांदळावर अवलंबून. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि चिकट होतो, जुना मोकळा होतो आणि जास्त फुलतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेला एचएमटी तांदूळ बारीक दाण्याचा. त्याचे पाणी आणि जाड्या धानाच्या तांदळाचे पाणी एक नव्हे. म्हणून गिरणीतून नवे पोते आले की आधी त्यातला एक किलो घरी शिजवून पाहावा आणि पाण्याचे माप पोत्यावरच लिहून ठेवावे.

दुसरे अंग धोक्याचे. कच्च्या तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. भात उकळला तरी ते सगळे मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारे हे विष नंतर भात कितीही गरम केला तरी जात नाही. ‘वाफ आणली की झाले’ ही समजूत इथे कामाची नाही. गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवायचे, नाहीतर लवकर संपवायचे. वरात उशिरा येणार हे वऱ्हाडाइतकेच तुम्हालाही ठाऊक असते, तर सगळा भात एकदम उतरवून ताडपत्रीवर पसरवायचा कशाला? एक गंज उतरला की दुसरा चढवायचा. आचाऱ्याला जास्त वेळ उभे राहावे लागते आणि तो कुरकुरतो; त्याला तासाचे पैसे द्या. पाण्याच्या जारचीही अशीच काळजी घ्यावी. जार दुसऱ्याने पुरवले तरी लोक आजारी पडले की नाव तुमचेच येणार.

कागदपत्रांचे काम लोक समजतात तेवढे अवघड नाही. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला वर्षाला शंभर रुपयांत नोंदणीची सोय केली, त्यावरच्याला परवाना. नोंदणी ऑनलाइन होते आणि चौदा आकडी क्रमांक मिळतो. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी कुणी हजार-दोन हजार मागितले तर उठून यावे. घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर धंद्यात वापरणे बेकायदा आहे, १९ किलोचा व्यावसायिकच घ्यावा लागतो. दर ठरवताना हा फरक विसरणारे पुष्कळ. सेवा व्यवसायाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी येते आणि बाहेरच्या केटरिंगवर साधारणपणे ५ टक्के कर लागतो. थर्माकोलची ताटे राज्यात २०१८ पासून बंद आहेत. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आपल्याकडे जंगलाच्या कडेला आजही लावल्या जातात, त्या विकत घ्या. दिसतात चांगल्या, आणि पैसा गावातच राहतो.

माणसांचा प्रश्न मात्र कागदावर सुटत नाही. रोवणीत आणि कापणीत मजूर मिळत नाही, उन्हाळ्यात सगळ्या केटररना एकाच दिवशी हवा असतो. वाढायला शाळेची पोरे धरायची सवय जुनी आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला असे कामावर लावणे गुन्हा आहे, आणि उकळत्या वरणाच्या बादलीपाशी तर मोठ्या पोरालाही उभे करू नये. पुऱ्या लाटणाऱ्या चार-पाच बायांचा एक गट कायमचा बांधून घ्यावा आणि त्यांची मजुरी काम संपल्यावर त्याच रात्री द्यावी. यजमानाकडून यायचे असले तरीही. हंगामात त्या तुमच्याकडे येतील की दुसऱ्याकडे जातील, हे त्या रात्रीवर ठरते.

वर्षभर असे केले की वहीत पंधरा-वीस कामांचे माप जमते: किती तांदूळ लागला, किती उरला, किती पाने वाढली, कुणी बाकी ठेवली. मग लग्न घ्यावे. तीनशे पानांपर्यंतचे, जवळच्या गावातले, सौंदडच्या पलीकडे नको. दाट तिथीला दोन घरचे निरोप येतील आणि दुसरा जास्त दर देईल. दुसरा भरवशाचा आचारी हाताशी नसेल तर त्या दुसऱ्याला दुसऱ्या केटररचा फोन नंबर द्यावा.